मालवणच्या सागरी अभयारण्यात स्नॉर्कलिंगला जावे का, आणि गेल्यास पाण्यात कसे वागावे?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, अंबाजोगाई

नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील चार कुटुंबांचे मालवणला जाण्याचे ठरत आहे. आम्ही एकूण १४ जण आहोत. सर्वांत लहान मुलगी ९ वर्षांची आहे, तर सर्वांत ज्येष्ठ माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. मुलांचा सारा ओढा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या स्नॉर्कलिंगकडे आहे आणि नेमक्या त्याच गोष्टीची माझ्या मनात खंत असल्यामुळे हा प्रश्न येथे मांडत आहे.

पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघे मुलाला घेऊन तेथे गेलो होतो. होडीवरच्या मार्गदर्शकाने आमच्या डोळ्यांवर मास्क चढवले, तोंडात नळी दिली आणि आम्हाला पाण्यात उतरवले. मग त्याने पाव कुस्करून पाण्यावर टाकला, तेव्हा पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले मासे चहूबाजूंनी धावून आले आणि आमच्या बोटांना ढुशा देऊ लागले. मुलगा हरखून गेला होता. थोड्या वेळाने माझ्या पतींना दम लागला, तेव्हा मार्गदर्शकाने ‘खाली खडक आहे, निर्धास्त उभे राहा’ असे सांगून त्यांना एका खरबरीत उंचवट्यावर उभे केले आणि तेथेच त्यांचा फोटो काढला. पुढे एकदा दहावीच्या वर्गात प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना मी फळ्यावर प्रवाळाची आकृती काढत होते आणि काढता काढता माझा हात थांबला, कारण ज्याला आम्ही खडक समजलो होतो त्यावरची नक्षी अगदी अशीच होती. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, पण तो मी कोणाला दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परतताना त्याच मार्गदर्शकाने मुलाच्या हातावर आठवण म्हणून मुठीएवढा एक पांढरा तुकडा ठेवला होता. बत्ताशासारखा जाळीदार आणि हाताला खरखरीत लागणारा तो तुकडा आमच्या दिवाणखान्यातील कपाटात आजही गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवलेला आहे. तो जवळ ठेवणे कायद्याने चालते का, आणि चालत नसेल तर त्याचे काय करावे?

आम्ही मराठवाड्यातील माणसे समुद्र आयुष्यात दोन-चारदाच पाहतो, त्यामुळे मुलांना पाण्याखालचे जग दाखवावे असे मनापासून वाटते. पण आमच्या जाण्याने त्या जगाची हानी होणार असेल तर न जाणे बरे, असेही वाटते. जाणे योग्य आहे का, कोणत्या दिवसांत जावे, आणि विहिरीत पोहण्याची सवय असलेल्या पण समुद्राची ओळख नसलेल्या माणसांनी कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : किनाऱ्यावरचा परभणीकर

ताई, नमस्कार. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला असून बँकेच्या नोकरीनिमित्त गेली आठ वर्षे मालवणात राहतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाण्यात उतरण्याचा मला छंद जडला आहे. या आठ वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या आणि त्यांतल्या बहुतेक आपल्याकडच्या सवयींमुळेच झाल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण जेथे उतरला होतात तो भाग मालवण सागरी अभयारण्याचा आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी ते घोषित झाले आणि महाराष्ट्रातील ते पहिले सागरी अभयारण्य होय. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असले, तरी सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा गाभ्याचा भाग जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटर भरतो. पर्यटकांची सारी गर्दीही याच टापूत होते. येथे अंदमानसारख्या लांबच लांब प्रवाळभिंती नाहीत. खडकांवर ठिकठिकाणी, डोंगरउतारावर गवताचे ठोंब असावेत तशी, प्रवाळांची बेटे आहेत. त्यांत गोल धोंड्यासारखी वाढणारी पोरायटीस जात आणि पसरट थाळीसारखी वाढणारी टर्बिनारिया जात सहज ओळखता येते. गोल धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढते. आपल्या यजमानांना ज्या उंचवट्यावर उभे केले तो गुडघ्याएवढा असेल, तर त्याचे वय त्यांच्याइतके असण्याचा पुष्कळ संभव आहे. दुखावण्यासाठी हे लिहीत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा असाच उभा राहिलो होतो.

प्रवाळ हा प्राणी आहे हे आपण वर्गात शिकवताच. त्याचा पृष्ठभाग म्हणजे हजारो इवल्या जिवांचे पातळ कातडे असते आणि त्या कातड्यात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाला रंग त्या शैवालामुळे येतो आणि बरेचसे अन्नही तेच पुरवते. पाय पडला की ते कातडे सोलवटते आणि सोलवटलेल्या जागी तंतुमय शैवाल चढून बसते. त्यातच समुद्र तापला, म्हणजे उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी अधिक उष्ण होऊन काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळ चौथ्यांदा असे व्यापक प्रमाणावर पांढरे पडत असल्याचे जाहीर केले. समुद्राचे तापमान खाली आणणे आपल्या हाती नाही. मात्र आधीच आजारी असलेल्या जिवावर पाय न देणे आपल्या हाती आहे, आणि अशक्त प्रवाळाच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे.

आता आपल्या विहिरीच्या सवयीविषयी. मी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. आमच्याकडे ज्याला पोहता येई त्याची परीक्षा एकच असे : बुडी मारायची, तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून काठावरच्यांना दाखवायचा. त्यामुळे पाण्यात पडलो की पाय खाली सोडायचे, उभ्याने पाणी तुडवायचे आणि तळ किती खोल आहे ते पायाने चाचपायचे, हे आपल्या अंगात मुरलेले असते. विहिरीत त्याने कोणाचेच बिघडत नाही. प्रवाळांवर मात्र याच तीन गोष्टी सर्वांत घातक ठरतात, कारण खाली सोडलेला पाय प्रवाळ मोडतो आणि उभ्याने तुडवलेले पाणी तळचा गाळ उचलून त्या इवल्या जिवांच्या तोंडावर टाकते. स्नॉर्कलिंगमध्ये पालथे पडायचे, पाण्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखे सपाट राहायचे, हात छातीशी किंवा पाठीवर घ्यायचे आणि पाय कमरेपासून संथ हलवायचे. खारट पाणी माणसाला गोड्या पाण्यापेक्षा अधिक उचलून धरते आणि अंगात जीवरक्षक जॅकेट असतेच. त्यामुळे बुडण्याची भीती मनातून गेली की हे जमते. दम लागला तर उताणे व्हावे, हात वर करून होडीवाल्यांना बोलवावे आणि होडीच्या दोराला किंवा तरंगत्या रिंगला धरावे. पायाखाली काहीही लागले तरी त्यावर उभे राहू नये. माझे आपल्याला कळकळीचे सांगणे आहे की निघण्यापूर्वी एखाद्या स्वच्छ विहिरीत किंवा तरणतलावात सर्वांनी मास्क व नळी लावून, तळाला पाय न लावता, दहा मिनिटे पालथे तरंगण्याचा सराव करावा. आधी न केलेला सराव समुद्रात होडीवरून उडी मारल्यावर जमत नाही.

दिवस कोणते निवडावेत, हे पंचांग पाहून ठरवावे. आपल्या घरी पंचांग असतेच, म्हणून ही कोकणी रीत सांगतो. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशी भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण होते, दशमीला साडेसातला. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाण्याची ओढ मोठी असते, तळ ढवळला जातो आणि हातभर अंतरावरचे दिसत नाही. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या भरतीला येथे भांगाची भरती म्हणतात. ती शांत असते आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळते. लक्ष्मीपूजन अमावास्येला येत असल्याने भाऊबीज उरकून लगेच निघाल्यास नेमके उधाण आणि नेमकी गर्दी गाठाल. कार्तिक शुद्ध नवमी-दशमी धरली तर भांग मिळेल आणि दशमीच्या सकाळी आठच्या सुमारास, भरती नुकतीच पूर्ण झालेली असताना, पाण्यात उतरता येईल. त्या वेळी प्रवाळांवर पाण्याची उंची सर्वाधिक असते, म्हणून नवख्याचा पाय चुकून खाली गेला तरी तो प्रवाळापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक पर्यटक न्याहारी करून दुपारी येतात, तेव्हा ओहोटी लागलेली असते आणि पाणी उतरलेले असते. (दशमी-एकादशीला पंढरपूर-मंगळवेढा भागात कार्तिकीची गर्दी असते, सोलापूर-मिरजमार्गे येणार असाल तर त्याचा विचार एक दिवस आधीच करावा.)

खरे तर येथील पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत अधिक स्वच्छ असते. पावसाळ्यात कर्ली आणि गड या नद्यांनी आणलेला गाळ दिवाळीपर्यंत पुरता बसलेला नसतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील वादळांचेही दिवस आहेत. सुट्टीचीच अडचण असेल तर दिवाळीत अवश्य या, पण हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी किंवा पाणी गढूळ असेल तेव्हा ‘आलोच आहोत तर उतरू’ असे करू नका. गढूळ पाण्यात तुम्हाला प्रवाळ दिसत नाही आणि त्याला तुमच्यापासून वाचता येत नाही.

होडी ठरवताना तीन गोष्टी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात. पहिली, नांगर कोठे टाकणार? वाळूत टाकणार असतील किंवा कायम बांधलेल्या बोयाला (तरंगत्या पिंपाला) होडी लावणार असतील तरच होकार द्यावा, कारण प्रवाळांवर ओढला गेलेला एक नांगर शंभर पर्यटकांच्या पायांहून अधिक मोडतोड करतो. दुसरी, पाव किंवा बिस्किटे पाण्यात टाकायची नाहीत. प्रवाळांवर चढणारे शैवाल कुरतडून खाणे हे अनेक माशांचे रोजचे काम असते. त्यांना आयता पाव मिळू लागला की ते होडीच्या आवाजामागे धावतात आणि शैवाल माजते. तिसरी, कोणालाही खडकावर उभे करायचे नाही आणि फोटोसाठी कशालाही हात लावायला सांगायचे नाही. हे सांगताना आवाज चढवण्याची गरज नसते. पाव टाकला नाही तर पर्यटक नाराज होतात, असा होडीवाल्यांचा अनुभव आहे. पर्यटकच नको म्हणाले तर त्यांचाही एक खर्च वाचतो. माझ्या ओळखीच्या एका तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) तर आता पाव घेणे सोडून दिले आहे आणि तो मासे दिसेपर्यंत पाच मिनिटे स्तब्ध तरंगायला सांगतो. मासे येतात.

उन्हासाठी अंगाला मलम चोपडून उतरू नये. अशा मलमांतील ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळांना बाधतात, म्हणून हवाई बेटांवर ती असलेल्या मलमांच्या विक्रीला १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटून बसणारा नायलॉनचा सदरा हा अधिक चांगला उपाय होय. सुती ओढणी किंवा सैल कुर्ता भिजून जड होतो आणि पायांत अडकतो, याकडे महिलांनी लक्ष द्यावे. मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठाशी पाणी झिरपते. तेथे थोडे व्हॅसलीन लावल्यास काच पाण्याने भरत नाही. काच धुरकट झाली की नवखा माणूस घाबरतो, उभा होतो आणि मग पाय खाली जातात. म्हणून उतरण्यापूर्वी काचेला आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने विसळावी. ऐकायला विचित्र वाटले तरी पुष्कळ पाणबुडे हेच करतात. मास्कमधून सर्व काही सुमारे एक तृतीयांश मोठे आणि अधिक जवळ दिसते, त्यामुळे प्रवाळ दूर आहे असे वाटले तर ते खरोखरच दूर असते. हे मुलांना आधी सांगून ठेवल्यास ती दचकून हातपाय झाडत नाहीत.

उत्तर : एक डॉक्टर, जालना

वरील माहिती उत्तम आहे. मी केवळ आपल्या सासऱ्यांच्या आणि मुलांच्या प्रकृतीपुरते लिहितो. ६८ वर्षे हे वय स्वतःहून आड येत नाही. तथापि रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास यांपैकी काही असल्यास आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी उतरू नये. नळीतून श्वास घेताना नेहमीपेक्षा अधिक श्रम पडतात आणि घाबरलेला माणूस उथळ, भराभर श्वास घेऊ लागतो. तेथून पुढे त्रास वाढत जातो. म्हणून विहिरीतील सरावात श्वास सावकाश आणि पूर्ण सोडण्यावर भर द्यावा. पोट भरून माशांचे जेवण केल्यावर लगेच पाण्यात जाऊ नये. संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कपेक्षा डोळे-नाक झाकणारा साधा मास्क घ्यावा, कारण अडचण आली तर तो एका झटक्यात काढता येतो. ९ वर्षांच्या मुलीबरोबर पाण्यात एक मोठा माणूस केवळ तिच्यासाठी असावा, आणि त्याने त्या वेळी स्वतः मासे पाहण्याचा मोह धरू नये. मुलीला थंडी वाजू लागली, ओठ निळसर दिसू लागले, की तिची हौस बाजूला ठेवून तिला बाहेर काढावे.

उत्तर : नाथसागराकाठचा रहिवासी, पैठण

ताईंच्या मनातील खंत मला मोलाची वाटते. म्हणूनच, परभणीकरांच्या उत्तराचा आदर राखून, थोडे वेगळे मत नोंदवतो.

माझे घर जायकवाडी जलाशयाच्या काठी आहे. हा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात येथे रोहित पक्षी, पट्टकादंब आणि नाना तऱ्हेची बदके उतरतात. काही वर्षांपूर्वी मी पाहुण्यांना घेऊन होडीतून रोहित पाहायला गेलो होतो. थवा उथळ पाण्यात माना खाली घालून शांतपणे चरत होता. पाहुण्यांपैकी एकाला उडत्या थव्याचा फोटो हवा होता, म्हणून त्याने होडीवाल्याला अधिक पैसे देऊ केले आणि होडी सरळ थव्यावर घातली गेली. थवा उडाला, गुलाबी पंखांची पुरी रांग पाण्यावरून वळली, फोटो अप्रतिम आला. दोन दिवसांनी मी एकटा त्याच जागी गेलो तेव्हा तेथे काही नव्हते. थवा पार पलीकडच्या काठाला, डोळ्यांना ठिपक्यांसारखा दिसत होता. पक्ष्यांना उडून दूर तरी जाता येते. प्रवाळाला जागा सोडता येत नाही.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मालवणच्या अभयारण्यात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे नोंदवले आहे. म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येकाने चांगले वागणे पुरेसे नाही, किती जणांनी उतरावे याचाही विचार हवा. १४ जणांच्या गटातून १४ जण पाण्यात जाण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी आधी पाहिले आहे त्यांनी या वेळी होडीत थांबावे. ज्या मुलांचा सराव पक्का झाला आहे तेवढ्यांनीच, एका वेळी तिघे-चौघे, उतरावे. उरलेल्यांनी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहावी. अख्खे जाळे वाळूवर येईपर्यंत दोन्ही दोरांना किती हात लागतात आणि जाळ्यात काय काय येते, हे मुलांना स्नॉर्कलिंगइतकेच शिकवून जाईल.

आणखी एक विचार. समुद्र आपला नाही, तो कोकणाचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण आमच्या घरापुढून वाहणारी गोदावरी त्र्यंबकला अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावते, त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ आंध्रात कोरिंगाचे खारफुटीचे अभयारण्य आहे. बीड, परभणी, नांदेडच्या ओढ्यांत टाकलेली पिशवी पुराच्या पाण्याबरोबर त्याच दिशेला निघते. मुलांना मालवणला नेण्याआधी आपल्या गावच्या ओढ्याकाठी एकदा नेऊन हा प्रवास नकाशावर दाखवावा, असे एक शिक्षिका म्हणून आपणास सुचवावेसे वाटते.

उत्तर : किनाऱ्यावरचा परभणीकर

पैठणकरांचे एका वेळी तिघे-चौघे उतरण्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या उत्तरात ते राहून गेले, हे कबूल करतो. मात्र कोणीच येऊ नये या टोकाला आपण जाऊ नये, असे येथे राहून माझे मत बनले आहे.

१९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा येथील मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर घर चालले तेथेच मासेमारीला मज्जाव होईल अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. याच पारंपरिक मच्छीमारांनी पुढे पर्ससीन जाळ्यांच्या (माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. म्हणजे या समुद्राची राखण करण्याची ज्यांना खरी गरज आहे ती माणसे येथेच आहेत. आज त्यांचीच मुले पर्यटकांना पाण्यात नेतात. जिवंत प्रवाळ पाहायला माणसे येतात म्हणून घरात चार पैसे येतात, हे त्यांना दिसत राहिले तर प्रवाळ जपण्याचे कारणही त्यांना रोज दिसत राहील. म्हणून शक्यतो येथील गाबित या मच्छीमार समाजातील कुटुंबाची होडी घ्यावी, सवलतीसाठी फार घासाघीस करू नये आणि काळजीपूर्वक नेले तर त्याची पावती त्यांना तोंडावर द्यावी.

ताई, कपाटातील तुकड्याविषयी लिहायचे राहिले होते. २००१ मध्ये खडक-प्रवाळांच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आल्या. वाघाला जे संरक्षण आहे तेच प्रवाळाला आहे आणि मेलेले, वाळलेले, किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळही त्यातून सुटत नाही. या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांपर्यंत कारावास आहे. आपण ते अजाणतेपणी घेतले असले, तरी आता ते परत समुद्रात टाकणे किंवा दुसऱ्या कोणाला देणे योग्य नव्हे. जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात सर्व हकिगत लेखी कळवून तो तुकडा त्यांच्या स्वाधीन करावा आणि पोच घ्यावी. आपल्याबरोबर येणाऱ्या इतर कुटुंबांनाही हे आधी सांगावे. किनाऱ्यावरच्या दुकानांत शंख आणि शोभेच्या वस्तू मांडलेल्या असतात. काही शंखांच्या जातीही याच कायद्याखाली येतात आणि नवख्याला त्या ओळखता येत नाहीत, म्हणून काहीच विकत न घेणे उत्तम.

प्रश्नकर्ती : विज्ञानशिक्षिका, अंबाजोगाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे मिळाल्यानंतर दहा दिवसांत जे घडले ते कळवते.

तुकडा वन विभागाच्या कार्यालयात दिला. तेथील कर्मचाऱ्याने तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला, अर्जावर शिक्का मारला आणि हे काय आहे असे मलाच विचारले. मी त्यांना मुठीएवढा प्रवाळ वाढायला किती वर्षे लागतात ते सांगितले. मुलगा बरोबर होता. कपाटातील ती जागा रिकामी ठेवायची, असे त्याने आपणहून ठरवले आहे.

कार्तिक शुद्ध अष्टमीच्या रात्री निघण्याचे ठरले असून दशमीच्या सकाळी सहा जण, तिघे-तिघे करून, पाण्यात उतरणार आहोत. मी आणि माझे पती होडीत थांबणार आहोत. होडीवाल्यांशी फोनवर नांगराविषयी आणि पावाविषयी बोलणे झाले. ‘पाव नको म्हणणारे पहिल्यांदाच भेटले’ असे ते म्हणाले, पण आनंदाने तयार झाले. नववीच्या वर्गात गोदावरीचा नकाशाही लावला आहे.

गेल्या रविवारी शेतातल्या विहिरीवर सराव केला. सासऱ्यांची प्रकृती डॉक्टरांना दाखवून घेतली होती. या विहिरीत ते वयाच्या सातव्या वर्षापासून पोहत आले आहेत आणि तळाचा गाळ मुठीत आणण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे पालथे पडून नुसते तरंगायचे हे त्यांना सुरुवातीला मुळीच पटेना. दोनदा ते सवयीने उभे झाले. तिसऱ्या खेपेला मात्र हात पाठीवर बांधून जे स्थिरावले ते बराच वेळ हललेच नाहीत. नळीतून येणाऱ्या श्वासाचा आवाज तेवढा आम्हाला ऐकू येत होता. वर आल्यावर मास्क कपाळावर सरकवून ते म्हणाले की पश्चिमेच्या अंगाला, दगडी पायरीखालच्या कपारीत, एक कासव बसलेले आहे. साठ वर्षांत त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. मग नातवंडांची रांग लागली आणि प्रत्येकाने, पाय न हलवता, ते कासव पाहून घेतले.